खिळ्यांनीच झालं असणार

माझा भाऊ गेल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण त्याचे गोडवे गातो आणि माझं डोकं उठतं. म्हणे असा कारागीर पुन्हा होणे नाही. म्हणे देवमाणूस. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! तो होता तेव्हा हीच मंडळी एक खुर्ची आठ दिवस उशिरा मिळाली तर दारात उभी राहून त्याचा उद्धार करायची. तो देवमाणूस वगैरे काही नव्हता. हट्टी होता, चिडका होता, कुणाचं ऐकून घेणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. आणि त्याला वाचवायला आमच्या हातात चौदा महिने होते. ते आम्ही कसे घालवले ते मी लिहून ठेवतेय, कारण तोंडाने सांगायला गेले की मी खोटं बोलते.

सोफे आणि खुर्च्या भरायचं दुकान वडिलांचं. ते थकल्यावर लाकडी चौकटीचं काम दादाकडे आलं आणि शिवणकाम माझ्याकडे. त्याने पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, वर गोणपाट, काथ्या, फोम बसवायचा. मी कापड बेतायचं, कव्हर शिवायचं, कडेला दोरीचा गोट घालायचा. मग ते कव्हर तो चढवायचा आणि खिळे मारायचा. सव्वीस वर्षं असं चाललं. दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहायचे, मी दुकानामागच्या खोलीत. मी लग्न केलं नाही. का, ते सांगायची ही जागा नाही.

दादाला सगळा बाजार खिळेदादा म्हणायचा. आमच्या कामात खिळे तोंडात धरायची पद्धत जुनी आहे. बारीक निळसर खिळ्यांची चिमूट उचलून तोंडात टाकायची. जिभेने एक खिळा फिरवायचा, त्याचं डोकं पुढे करून ओठांत आणायचा, हातोडीचं एक टोक लोहचुंबकाचं असतं त्याने तो उचलायचा आणि ठोकायचा. डावा हात कापड ताणायला मोकळा राहतो. वडील शिकवताना म्हणायचे, जीभ हा आपला तिसरा हात. हल्ली पिना मारायची बंदूक मिळते, सगळ्यांनी घेतली, दादाने घेतली नाही. "बंदूक घेऊन काम करतात ते दरोडेखोर," असं तो म्हणायचा. एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलंच, की अहो, कधी गिळला नाहीत का खिळा, तर ओठांत दोन खिळे तसेच ठेवून उत्तर द्यायचा, "गिळले ना. पोटात एक तीनजणी सोफा तयार झालाय, कापड तेवढं चढवायचं राहिलंय."

मला त्याचा अभिमान होता. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

सुरुवात उजव्या गालाच्या आतून झाली. तोंड आलंय, एवढंच तो म्हणाला. तोंड कोणाला येत नाही? जागरण झालं, पोट बिघडलं, तिखट जास्त झालं, की येतं आणि चार दिवसांत जातं. वहिनीने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, मध लावला. नेहमीच्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून लाल गोळ्या दिल्या. बाजारातल्या प्रत्येकाकडे एकेक जालीम उपाय होता, आणि दादाने तोंड वाकडं करत ते सगळे केले. गालाचं जरा सुकतंय तोवर टाळूला झालं. टाळूचं तसंच असताना जिभेखाली. फोड म्हणावा तर फोड कधी दिसलाच नाही. दिसायची ती नुसती सोललेली लाल जागा, कडेला पांढरट पापुद्रा. सकाळी उठल्यावर ओठ रक्ताने चिकटलेले असायचे. आणि हिरड्या. एकदा त्याने मला मागच्या नळावर बोलावून ब्रश दाखवला. ब्रशच्या केसांत हिरडीची साल अडकली होती, ओल्या कागदासारखी.

"हे बघ," तो म्हणाला. "भिंतीचा रंग निघतो तसं निघतंय."

"खिळ्यांनीच झालं असणार," मी म्हटलं. "इतकी वर्षं लोखंड चघळतोयस. तोंड आहे का भंगाराचं दुकान?"

तो हसला नाही. ब्रश धुऊन ठेवला आणि आत गेला.

खिळे टाळूपर्यंत जात नाहीत हे मला माहीत नव्हतं का? होतं. जिभेच्या टोकाशी खेळवायचे असतात ते. वडिलांचं उभं आयुष्य खिळे तोंडात धरण्यात गेलं आणि त्यांना साधं तोंड आलं नाही. पण हाताशी एक कारण तयार असलं, की माणूस दुसरं शोधायला जात नाही. आम्ही तर नाहीच. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आमची तऱ्हा.

चौथ्या महिन्यात मी त्याला ओढत दातांच्या डॉक्टरकडे नेलं. औषधाच्या दुकानावर तिचा दवाखाना होता. मुलगी वयाने लहान होती, पण हात शांत होता तिचा. तिने दिवा ओढून दादाच्या तोंडात बराच वेळ पाहिलं. मग काडीला कापूस गुंडाळून तिने वरच्या हिरडीवरून हलकेच फिरवला. लाल नव्हती, चांगली दिसत होती ती जागा. कापसाबरोबर वरचा थर सरकून बाजूला झाला. दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले. मुलीने तो कापूस दिव्याखाली धरून पाहिला.

"अंगावर कुठे फोड आलेत का?" तिने विचारलं.

दादाने मान हलवली. नाही.

"डोळे चुरचुरतात? गिळताना घशात दुखतं?"

"थोडं."

"मला हे साधं तोंड आलेलं वाटत नाही," ती म्हणाली. "कडेचा एक छोटा तुकडा काढून तपासायला हवा. मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी देते." तिने वही ओढली, पेनचं टोपण काढलं, आणि लिहिता लिहिता, नेहमीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "कामाच्या वेळी तोंडात काही धरायची सवय? सुई, टाचण्या?"

प्रश्न दादाला होता. उत्तर मी दिलं.

"खिळे!" मी म्हटलं. "तीस वर्षं धरतोय. एका वेळी चाळीस खिळे तोंडात असतात त्याच्या. सगळा बाजार खिळेदादा म्हणतो. बंदूक कधी हातात धरली नाही त्याने."

केवढ्या ऐटीत सांगितलं मी ते! जणू मुलाचं बक्षीस दाखवत होते. मुलीचं पेन थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तो उतरताना मला दिसला, आणि मलाही बरं वाटलं.

"अजूनही धरता?" तिने दादाकडे पाहिलं.

"अजूनही म्हणजे काय, आज सकाळीच एक खुर्ची केली," मी म्हटलं.

दादा जमिनीकडे पाहत होता. बोलला नाही. बोलताना दुखतं म्हणून गप्प आहे, असं मला वाटलं.

"मग आधी ते बंद करा," मुलगी म्हणाली. "पंधरा दिवस एकही खिळा तोंडात नको. हे मलम लावा. पंधरा दिवसांत भरलं नाही तर नक्की या, मग तुकडा काढूच. नक्की या हं." चिठ्ठी तिने दिली नाही. चुकलं तिचं? थोडं चुकलं असेल. पण शेजारी बसून तिला खिळे देणारी मी होते.

घरी येऊन मी खिळ्यांचा डबा माझ्या मशीनच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. दादासाठी पिनांची बंदूक आणली. मला वाटलं होतं, आता महाभारत होणार. झालं नाही. त्याने बंदूक हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि कामाला लागला. कात्री जागेवर नसली तर घर डोक्यावर घेणारा माणूस हा! मी मनात म्हटलं, चला, वयाबरोबर शहाणपण आलं.

पंधरा दिवसांनी मी विचारलं, "काय रे, कसं आहे?"

"फरक आहे," तो म्हणाला.

आणखी पंधरा दिवसांनी दवाखान्यातून फोन आला, तो मी घेतला. त्या मुलीनेच केला होता. भावाला घेऊन आला नाहीत, म्हणाली. मी दादाकडे पाहिलं. त्याने हातानेच खूण केली, बरं आहे म्हणून सांग. मी सांगितलं, "बरं आहे आता. खिळ्यांचंच होतं." ती म्हणाली, "छान झालं." फोन ठेवून मी पुन्हा कव्हर शिवायला बसले.

त्यानंतरचे नऊ-दहा महिने मी आठवायला बसते तेव्हा मला माझाच राग येतो. तो आमच्यात जेवेनासा झाला. नंतर जेवतो, म्हणायचा, आणि वर जाऊन एकटा बसायचा. मऊ भात दुधात कालवून, तोही गाळल्यासारखा करून वहिनी त्याला द्यायची, हे मला पुढे कळलं. वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारणीच्या सुनेचं डोहाळजेवण ठरायच्या आधी हिला माहीत असतं. पण हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही, कारण दादाने तिला स्वतःची शपथ घातली होती. त्याचा आवाज बसला. थंडीने, म्हणाला. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी एक. वजन उतरलं ते चांगलंच, असं मी म्हटलं, कारण पोट सुटलंय म्हणून मीच त्याला टोमणे मारत होते. गिऱ्हाइकांशी चेष्टा बंद झाली. ती बंदुकीमुळे बंद झाली असं मी धरून चालले. बिचाऱ्याची कला हिरावून घेतली आपण, असं वाटून मला वाईटही वाटायचं. वाईट वाटायचं ते कशासाठी, तर त्यासाठी!

मग एका सकाळी वहिनी खाली आली ती रडतच. दादाचा सदरा पाठीला चिकटला होता आणि ओढला तर कातडीसकट येत होता. मी वर गेले. पाठीवर, छातीवर पाण्याने भरलेले फोड होते, सैल, लिबलिबीत. काही फुटून गेले होते आणि तिथे उघडं मांस दिसत होतं. मी त्याला काही विचारलं नाही. गाडी केली आणि मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथले कातडीचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पाठ पाहिली. मग फोड नसलेल्या चांगल्या जागी अंगठा ठेवून जरासा घासला. कातडी सरकली. दातांच्या मुलीने कापूस फिरवला होता तेव्हा सरकली होती, अगदी तशीच.

"तोंडात कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. तोंड उघडूनही पाहिलं नव्हतं त्यांनी अजून.

"दोन-तीन महिने," दादा म्हणाला.

"चौदा," मी म्हटलं. "चौदा महिने झाले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

तुकडे काढले, तपासले. आजाराचं नाव पेम्फिगस. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. ती कधी कधी आपल्याच माणसांवर उलटते. याच्या शरीरात ती कातडीच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारा चिकटपणा तोडतेय. म्हणून थरावरून थर सुटतोय. या आजारात पुष्कळांना पहिल्यांदा तोंडातच होतं. कित्येक महिने अंगावर काही दिसत नाही, नुसतं तोंड सोलत राहतं, हिरड्या निघत राहतात, आणि लोक मलमं लावत बसतात.

"अस्तर सुटलं म्हणा की," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. डॉक्टर हसले. मी नाही हसले.

"खिळ्यांनी होतं का हे?" मी विचारलं. सगळं सांगितलं त्यांना, खिळ्यांचं.

"खिळ्यांनी हा आजार होत नाही, बाई," ते म्हणाले. "खिळ्यांचा यात संबंध नाही."

"आणि तेव्हाच आलो असतो तर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तोंडापुरतं असताना आवरायला सोपं जातं. औषध कमी लागतं. आता अंगभर आहे, आणि अंगात ताकद उरलेली नाही. बघू या."

बघू या, असं डॉक्टर म्हणाले की काय बघायचं असतं ते घरच्यांना कळतं. भरपूर मोठ्या मात्रेने औषधं सुरू झाली. उलटलेल्या फौजेला दाबणारी औषधं, म्हणजे खऱ्या शत्रूशी लढायलाही कुणी उरलं नाही. दादाचा चेहरा सुजून गोल झाला, साखर वाढली, हात थरथरायला लागले. नवे फोड येणं कमी झालं, हे खरं. पण उघड्या पाठीतून जंतू आत शिरले होते. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला तो उतरेना. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं, विष रक्तात पसरतंय. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी आत गेले, कारण मला त्याला एक गोष्ट सांगायची होती.

दुपारची वेळ होती. तो एका कुशीवर होता, पाठीवर जाळीचं ओलं कापड. जागा होता.

"दादा," मी म्हटलं, "त्या दिवशी त्या मुलीसमोर मी खिळे बोलले नसते तर तिने चिठ्ठी दिली असती. माझ्यामुळे झालं हे."

त्याने डोळे मिटले, उघडले. ओठांवर खपल्या होत्या. शब्द एकेक करून बाहेर काढले त्याने.

"खिळे मी तेव्हा तोंडात धरतच नव्हतो."

"काय?"

"दोन महिने झाले होते सोडून. दुखायचं फार. फोमच्या तुकड्यावर टोचून ठेवायचो. तिथून हातोडीने उचलायचो."

मला काही कळेना. ठोकण्याचा आवाज तर मी रोज ऐकत होते. माझी मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, उजेड तिकडून येतो म्हणून. चौकट माझ्या पाठीमागे. आवाज तोच येणार, खिळा तोंडातून उचला नाहीतर फोमवरून.

"मग बोलला का नाहीस? तिथे, तिच्यासमोर?"

"तुकडा काढायचा म्हणाली ती." तो थांबला, थुंकी गिळताना त्याचा चेहरा पिळवटला. "मला वाटलं, कॅन्सरच. तू खिळे म्हणालीस आणि तिने पेन ठेवलं. म्हटलं, असू दे खिळ्यांचंच."

मला संताप आला. लिहायला लाज वाटते, पण आला. हा कॅन्सर नव्हता. या आजाराला औषध होतं. आणि हा माणूस घाबरून दहा महिने भाताचं पाणी पीत बसला, आणि मला "फरक आहे" म्हणत राहिला, आणि मी ते त्या मुलीला फोनवर सांगितलं! मी ओरडले त्याच्यावर. मूर्खा म्हटलं. एक शब्द बोलला असतास तर, म्हटलं. बाजूच्या खाटेवरचा माणूस उठून बसला, नर्स धावत आली आणि माझा दंड धरून मला बाहेर न्यायला लागली.

दादाने हात जरा उचलला, नर्सला थांबवायला. ती थांबली.

"एका खोलीत होतो आपण," तो म्हणाला. रागाने नाही. थकून. "एकदा वळून बघितलं असतंस तर दिसलं असतं."

नर्सने मला बाहेर नेलं. संध्याकाळी आत सोडलं तेव्हा त्याच्या घशात नळी घातलेली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर वहिनीने मला विचारलं, "शेवटी तुम्हीच होतात त्यांच्याजवळ. काय बोलले हो?"

मी म्हटलं, "काही नाही बोलला. तोंड फार दुखत होतं त्याचं."